ठकूची नाकवाली मावशी

पाळणाघर चालवणारी बाई प्रेमळ असावी, गोलमटोल असावी, तिला चार गाणी यावीत, असं आपल्याला वाटतं. मावशींना यातलं फक्त गोलमटोल असणं जमलं होतं. गाणं त्यांना येत नव्हतं, हसणं त्या जपून वापरायच्या, आणि दोन वर्षांच्या पोराशी त्या अशा बोलायच्या की समोर कचेरीतला कारकून उभा असावा. "तुमचा डावा बूट उजव्या पायात आहे. काढा." बस, इतकंच. आणि पोरगं निमूट बूट काढायचं. अशा बाईला माझी मुलगी ठकू माझ्यापेक्षा जास्त जीव लावून होती, आणि ते मला बघवत नव्हतं. बाई गोड असती तर मी समजून घेतलं असतं, गुळाला मुंगळे लागायचेच. पण ह्यांच्यात ठकूला काय दिसलं, हे मी तेव्हा रोज स्वतःला विचारत होते. पुढं मी त्यांच्याशी जे वागले ते ह्याच प्रश्नातून वागले, आणि ते माझ्याच तोंडून आलेलं बरं.

पोरं त्यांना नाकवाली मावशी म्हणायची. नाक काही फार मोठं नव्हतं, पण ते सतत कामावर असायचं. डबा आला की झाकण उघडायचं आणि आधी नाक आत. दूध आलं, नाक. कुणाच्या खिशातून बिस्किटाचा तुकडा निघाला, नाक. मग त्या डब्यावर बोट ठेवून आईला विचारायच्या, "ह्यात काय काय आहे?" "भात आहे हो," असं म्हणून चालायचं नाही. कुठल्या तेलाचा, कुठल्या डब्यातलं तेल, तोच चमचा आणखी कशात घातला होता का, इथपर्यंत उलटतपासणी. आम्ही आया आपसांत म्हणायचो, नाकानं कांदे सोलणारी बाई.

हे वळण त्यांना नोकरीतून लागलं होतं. एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं त्यांनी ताटं लावली. कुणाला मीठ बंद, कुणाला साखर बंद, कुणाला अंडं चालत नाही. ताटाला चिठ्ठी, चिठ्ठीवर खाटेचा आकडा. पुढं ते काम कंत्राटदाराकडे गेलं आणि मावशी घरी बसल्या. घरी म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागं मोरी. नवरा वारलेला, मुलगा दुसऱ्या शहरात. तो रविवारी फोन करायचा, तर मावशी त्याला स्वतःची तब्येत न सांगता कुठल्या पोराला केळं सोसत नाही ते सांगायच्या. सोबतीला अकरा वर्षांचं एक करडं मांजर. मुलं नऊ. त्यांतली चार अशीच, कशाचं तरी वावडं असलेली. बाकीची पाळणाघरं अशा पोरांना दारातूनच परत पाठवायची. मावशी म्हणायच्या, "मला अशीच बरी पडतात. साधी मुलं घेतली की माणूस आळशी होतं."

ठकूला तीळ वर्ज्य. मी बेकरीत कामाला, आणि बेकरीत माझं टेबल तिळाचं. आता हसा. गोल पावाचे गोळे ओल्या फडक्यावरून फिरवायचे, तिळाच्या परातीत पालथे दाबायचे आणि साच्यात सुलटे बसवायचे; सकाळी आठपासून साडेचारपर्यंत हेच. ठकू सव्वा वर्षाची असताना मी तीळ लावलेल्या पावाच्या काड्यांचे तुटके तुकडे घरी आणले होते. तिनं एक चोखला. दहा मिनिटांत ओठ टम्म सुजले, अंगावर गांधी उठल्या, डोळे मिटायला लागले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, एक सरबतासारखं औषध बाटलीत घालून दिलं आणि बजावलं, "तीळ बंद, तिळाचं तेल बंद. कण पोटात जाता कामा नये." मी तेवढंच ऐकलं. पोटात. त्या दिवसापासून बेकरीतला पावाचा कणही मी घरी आणला नाही. आल्यावर हातपाय धुवायचे. आपलं कर्तव्य संपलं, असं मला वाटत होतं.

ठकू दोन वर्षांची झाली तेव्हा तिला मावशींकडे नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी तिला आत घेतलंच नाही. तिला माझ्या कडेवर ठेवलं, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चल." आम्ही गल्लीतून निघालो. मावशी तोंडातल्या तोंडात मोजत होत्या. दवाखान्याच्या पायरीला पाय लागला तेव्हा म्हणाल्या, "चारशे दहा पावलं. तुझी कमी भरतील, तू उंच आहेस." दवाखान्यातल्या कंपाउंडरला ठकूचा चेहरा दाखवला, "ही तिळाची," असं सांगितलं आणि आम्ही परत आलो. प्रत्येक नव्या मुलाला त्या असंच नेऊन दाखवायच्या. दवाखाना बंद असेल त्या दिवशी पाळणाघर बंद, हा नियम. मी आमच्या ह्यांना ते सांगितलं तर ते खूश. "बाई भारी आहे," म्हणाले. ह्यांनी माझ्या कुठल्या कामाला भारी म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. पहिली ठिणगी तिथंच पडली असावी.

आत गेल्यावर दारातच मुलांचे कपडे बदलायचे. प्रत्येकाची ताटली वेगळ्या रंगाची, चमचा त्याच रंगाचा, हात पुसायचा पंचाही त्याच रंगाचा. ठकूचा रंग निळा. कुणी कुणाच्या रंगाला हात लावायचा नाही. हे नऊ दोन-तीन वर्षांच्या पोरांना कसं कळत होतं देव जाणे, पण कळत होतं. आणि एक वही. कुणी काय खाल्लं, कधी झोपलं, कधी खाजवलं, कुठं खाजवलं, सगळं शिसपेन्सिलीनं लिहिलेलं.

महिन्याभरात ठकू बदलली. माझ्याकडे दोन घास खाऊन थुंकणारी मुलगी मावशींकडे ताटली चाटूनपुसून खायला लागली. घरी येऊन माझ्यावर हुकूम सोडायला लागली, "आधी हात." मी हात धुतले तरी पुन्हा, "साबण." मी तिच्यापुढं भात ठेवला की ती ताटलीवर बोट ठेवून विचारायची, "ह्यात काय आहे?" सुरुवातीला आम्ही हसलो. मग एकदा मी सांगितलं, "भात आहे, बटाटा आहे, मीठ आहे." तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशीनं बघितलं?"

म्हणजे मी, जिनं तिला नऊ महिने पोटात वाढवलं, तिनं शिजवलेला भात त्या बाईच्या नाकाखालून गेल्याशिवाय खरा नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा वाक्प्रचार माझ्यासाठीच कुणी काढून ठेवला असावा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, चांगलंच आहे की. सावध आहे पोरगी." पुरुषांना सांगून काय उपयोग? संध्याकाळी मी न्यायला गेले की ठकू मावशींच्या मांडीवरून उतरायची नाही. मावशी तिला स्वतः खाली ठेवायच्या. "तुमची आई आली आहे. जा." ती जायची, पण सांगितलं म्हणून. एकदा तापात ती झोपेत बरळली, तेव्हा मी हातातली ओली पट्टी बाजूला ठेवून कान लावला. मावशीला हाक मारत होती.

मावशींच्या चुका शोधायला मी तेव्हापासून लागले. गाऊनचा खिसा फाटलाय. मांजर कठड्यावर बसतं. एका पोराचं नाक वाहतंय. आपल्या डोळ्यातलं मुसळ बाजूला ठेवून मी त्यांची कुसळं वेचत होते. मनातल्या मनात मी त्यांना आता मावशी म्हणत नव्हते, ती बाई म्हणायला लागले होते.

मग मला एक गोष्ट सुचली. लहान मूल वासावर जगतं, असं आमच्या बेकरीतली एक बाई म्हणाली. ठकूला माझा वास दिवसभर मिळाला तर ती मला विसरणार नाही, असं माझ्या डोक्यानं घेतलं. बेकरीत आम्ही डोक्याला मोठा सुती रुमाल बांधतो. दिवसभराचा घाम त्यात मुरतो, त्याच्याइतका माझा वास दुसऱ्या कशाला येणार? मी तो रुमाल घेऊन गेले आणि म्हणाले, "झोपताना हिच्या उशाशी ठेवत जा."

मावशींनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "धुऊन आण."

"धुतल्यावर त्याला माझा वास कसा राहील?"

"बाहेरचं कापड मी आत घेत नाही. आणि हे बघ, बेकरीतून तू तडक इथं येतेस. येताना कपडे बदलून येत जा. डोकंही धुतलंस तर बरं."

आता मला कळतं की त्या मला काय सांगत होत्या. तेव्हा मला वाटलं, बाई मला घाणेरडी म्हणतेय. चार आयांसमोर. भट्टीपाशी भाजून निघालेला माणूस पावाच्या वासानं घाण होतो काय? मी रुमाल पिशवीत घातला. रात्रभर धुमसत राहण्यापेक्षा काहीतरी करावं, असा माझा स्वभाव आहे, आणि तो फारसा चांगला नाही.

प्रत्येक मुलाची उशी, चादर घरून आणायची आणि शनिवारी धुवायला घरी न्यायची, अशी तिथली पद्धत होती. ठकूची उशी वीतभर लांब, मीच शिवलेली. झोप आली की ठकू तिचा एक कोपरा तोंडात घालून चोखायची. नेहमी तोच कोपरा, तिथलं कापड विरून गेलं होतं. त्या रविवारी उशी धुऊन वाळवली, त्या कोपऱ्याची शिवण उसवली, न धुतलेल्या रुमालाचा हातभर तुकडा घडी करून आत सारला आणि पुन्हा टाके घातले. मुद्दाम त्याच कोपऱ्यात, म्हणजे वास नाकाशी राहील. काम इतकं सफाईदार झालं की माझंच मला कौतुक वाटलं. पुढच्या रविवारी जुना तुकडा काढून दुसऱ्या रुमालाचा ताजा तुकडा घातला. त्याच्या पुढच्या रविवारीही.

पहिल्याच आठवड्यात ठकूच्या हनुवटीवर पुरळ आलं. दुसऱ्या आठवड्यात गालांवर, मानेवर. मावशींनी न विचारता वही माझ्यासमोर धरली. "दुपारी झोपेतून उठल्यावर येतं. घरी येतं का?"

घरी येत नव्हतं. रविवारी तर पोरगी कशी लख्ख असायची. मी ताठ मानेनं सांगितलं, "घरी काहीच होत नाही. जे होतं ते इथंच होतं."

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्या मुलीच्या गालावर लाल चट्टे बघून माझ्या मनात एका कोपऱ्यात गार वाटलं. एवढी नाकवाली, वहीवाली, पावलं मोजणारी, आणि हिच्याच घरात माझी मुलगी खाजवते. घरी आई तिला सुखरूप ठेवते. हे मी ह्यांना दोनदा ऐकवलं. पुरळ म्हणजे काही मरण नव्हे, असंही मी स्वतःला समजावलं.

मावशी मात्र हात धुऊन त्या पुरळाच्या मागं लागल्या. चटई बदलली. फरशी पुसायचं औषध बंद करून नुसतं गरम पाणी सुरू केलं. सगळ्यांचं तेल एकच केलं. मला विचारलं, "उशी नवी आहे का? आतला कापूस कुठला?" मी म्हटलं, "तीच जुनी. दर आठवड्याला धुते." हे खरंच होतं. तुकड्याचं मी बोलले नाही, कारण माझी फजिती झाली असती. रुमालात तीळ असतील हे माझ्या ध्यानातच आलं नाही, असं मी म्हणते. पण तीळ म्हणजे काय चीज आहे ते तिळाच्या टेबलावरच्या बाईला सांगावं लागत नाही. बाहीच्या दुमडीत, नखात, कानामागं, सगळीकडं सापडतात. मला माहीत होतं आणि मी तिकडं बघितलं नाही, एवढंच.

एका सोमवारी मांजर कठड्यावर दिसलं नाही. मावशी म्हणाल्या, "दिलं. माझ्या जुन्या सोबतिणीकडे, पलीकडच्या गावात. केसांचंही असू शकतं." बोलताना त्या एका पोराच्या शर्टाची गुंडी लावत होत्या. अकरा वर्षांचं मांजर. मी म्हटलं, "बरं केलंत." मी एवढी वाईट होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सोमवारीच, बेकरीच्या मालकांनी मला टेबलावरून बोलावलं. फोन मावशींचा होता. "ठकूला दवाखान्यात आणलंय. ये." मी परात तशीच सोडली. दवाखान्यात पोचले तेव्हा ठकू आतल्या खाटेवर होती, ओठ जांभळट, डोळ्यांच्या नुसत्या फटी, तोंडावर वाफेचा मुखवटा. इंजेक्शन दिलेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वासनळी सुजत होती. ह्यांनी पाच मिनिटांत आणलं म्हणून." मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. पायांत चपला नव्हत्या, एक टाच फुटून रक्त आलं होतं, आणि एका हातात वही होती. बाकीच्या पोरांना शेजारणीच्या स्वाधीन करून त्या ठकूला उचलून धावत आल्या होत्या, ह्या वयात, त्या देहानिशी.

त्या वही उघडून म्हणाल्या, "भात, गाजर, केळं. दुसरं काहीच नाही. मी शपथेवर सांगते."

मी घाबरले होते, आणि माझी भीती नेहमी तोंडातून बाहेर पडते. "तुमच्या हातून माझी मुलगी मेली असती!" मी ओरडले. बाहेर बाकांवर माणसं बसली होती, त्यांत पाळणाघरातल्या दोन आया, बातमी ऐकून आलेल्या. "आजपासून आणणार नाही तिला. आणि तुम्हीही आपली पोरं सांभाळा गं!"

मावशींनी वही मिटली. मला वाटलं, त्या उलटून बोलतील. त्या फक्त डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "हिला आज रात्री इथंच ठेवा," आणि अनवाणी निघून गेल्या.

त्या आठवड्यात दोन मुलं मावशींकडून काढली गेली, मग आणखी एक. मी बेकरीतून रजा घेतली. सामान आणायला हे गेले आणि ताटली, पंचा, चादर, उशी असं सगळं घेऊन आले. ठकू दोन दिवस माझ्याकडे बघून विचारत होती, "मावशी?" मी म्हणायचे, "मावशी नाही. आई." तिसऱ्या दिवशी तिनं विचारणं सोडलं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ती जेवणही सोडायला लागली होती.

चौथ्या दिवशी दुपारी मी तिला माझ्याजवळ झोपवलं. तिनं उशी मागितली, मी दिली. तिनं तोच कोपरा तोंडात घातला. मी शेजारी बसून तिच्याकडे बघत होते. दुपारी झोपताना तिला बघायला मला कधी मिळायचंच नाही. थोड्या वेळानं तिचा वरचा ओठ मला जाड वाटला. मग हनुवटीवर एक गांध उठली, मग तीन. मी बाटलीतलं औषध पाजलं, तिला उचललं आणि धावत सुटले. आमच्या घरापासून दवाखाना किती पावलं, हे मी कधी मोजलं नव्हतं. तो खूप लांब होता.

ह्या वेळीही वेळेत पोचलो. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज काय खाल्लं?"

"भात. केळं. माझ्यासमोर."

"तोंडात आणखी काय होतं?"

"उशी," मी म्हटलं, आणि तो कोपरा माझ्या डोळ्यांपुढं आला.

घरी येऊन मी कोपरा उसवला. तुकडा थुंकीनं चिकट झालेला होता. उलगडून खिडकीपाशी धरला. घडीत फुगून मऊ झालेले तीळ, चघळून अर्धे झालेले तीळ. मी नऊ मोजले आणि मोजायचं थांबले. हे घरी आल्यावर म्हणाले, "आता घरातही झालं? मग ह्यात मावशींचा काय दोष होता?" मी म्हटलं, "कोण जाणे." एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण तेव्हा दातखीळ बसली.

कुणालाच कळलं नसतं. तुकडा मी चुलीत घातला होता. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर त्या दोन आयांपैकी एक भेटली. माझा हात हातात धरून म्हणाली, "तू बोललीस म्हणून आमचे डोळे उघडले गं. माझ्या पोराला दुसरीकडं कुठं घेत नाहीत, ह्याला दूध चालत नाही ना. सासूकडे ठेवलंय, ती गुपचूप पाजते. पण त्या बाईपेक्षा बरं!" तिच्या कडेवर तिचं पोर होतं, गुडघ्यांच्या मागं खाजवून खाजवून सोललेलं. मावशींकडे असताना त्याची कातडी कशी स्वच्छ असायची, ते मला आठवलं. ती माझे आभार मानत होती आणि मला घाम फुटत होता.

"संध्याकाळी पाच वाजता मावशींच्या दारात ये," मी तिला म्हटलं. "पोरं काढलेल्या बाकीच्या दोघींनाही घेऊन ये."

पाच वाजता सगळ्या होत्या. माझ्या मनात होतं की मावशींना आत नेऊन, पाय धरून, रडून सांगावं. पण मी ओरडले होते चारचौघांत, आणि रडून आत मिटवणं म्हणजे मांजरानं डोळे मिटून दूध पिणं झालं असतं. मी दारातच उभी राहून सांगितलं. रुमाल, कोपरा, दर रविवारचा ताजा तुकडा, तीळ. मी असं का केलं, हे कुणी विचारलं नाही, तरी मी तेही सांगितलं. "ठकू तुमची जास्त झाली होती. मला ते बघवत नव्हतं. पुरळ यायचं तेव्हा मला बरं वाटायचं."

जिनं माझा हात धरला होता तिनं आपल्या पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

मावशी आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी मागची पानं उलटली. बोट खाली खाली नेत म्हणाल्या, "सोमवारी जास्त. शनिवारी कमी. मला दिसत होतं ते. मला वाटलं, रविवारी पोरांची खोली बंद असते, काही साचत असेल. रविवारी चार-चार वेळा भिंती पुसल्या मी." मग वही मिटून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "तुला विचारलं होतं मी. उशीचं."

"हो."

"मांजर आता तिकडं रुळलंय. ते काही परत यायचं नाही."

क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, आजपर्यंत म्हणालेल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या आण तिला. उशी मी शिवते. आणि तू बेकरीतून तशीच आत यायचं नाहीस. मागच्या दारानं मोरीत जायचं, डोक्यावरून अंघोळ करायची, तुझे कपडे पिशवीत बांधून बाहेर ठेवायचे, मग मुलीला हात लावायचा."

"माझे दुसरे कपडे इथं..."

"माझा गाऊन घाल उद्या. परवापासून स्वतःचे आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ठकूला सोडून आले. दाराशी पोचायच्या आधीच तिनं त्यांचं बोट सोडलं, असं ते म्हणाले. बेकरीत दिवसभर माझ्या मनात तेच. आता मला कळत होतं की मावशींनी तिला माझ्यापासून तोडलं नव्हतं, उलट त्या तिला माझ्यापासून वाचवत होत्या. पण कळलं म्हणून मत्सर जातो, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी केलेला नसावा. पोरगी मला बघून आनंदानं धावत यावी, एवढं एकच मला हवं होतं.

साडेचारला सुटले आणि मागच्या दारानं मोरीत गेले. बादली भरून ठेवलेली होती. मी तीनदा केस धुतले, नखं घासली, कानामागं बोटं फिरवली. मावशींचा साबण, मावशींचा पंचा, आणि खुंटीवर मावशींचा फिकट हिरवा गाऊन. तो माझ्या अंगात मावशींसारखाच फुगला. केस पंचात गुंडाळले आणि मोरीच्या दारात पाठमोरी उभी राहून कपड्यांच्या पिशवीची गाठ मारू लागले.

मागून पावलं वाजली, अनवाणी, इवलीशी, धावत येणारी. दोन हात माझ्या गुडघ्यांभोवती घट्ट आवळले गेले आणि एक गाल माझ्या पोटरीवर घासला गेला. इतक्या जोरात ठकूनं मला कधीच धरलं नव्हतं.

"मावशी!" ती म्हणाली.

मी वळले नाही. ओ दिली असती तर तिनं आवाज ओळखला असता, म्हणून मी बोललेही नाही.